सर्व्हर किती राबतोय ते नंतर बघा, कोण खोळंबलंय ते आधी बघा

सर्व्हरची तब्येत बघायची म्हटलं की बहुतेकांची नजर आधी सीपीयूच्या आकड्यावर जाते. तो ९५ टक्के दिसला की धाबं दणाणतं, १० टक्के दिसला की हायसं वाटतं. दोन्ही वेळा फसगत होऊ शकते. मध्यरात्री महिन्याचे अहवाल तयार करण्याचं काम लावलंय, त्याने सीपीयू ९५ टक्क्यांवर नेलाय आणि तरीही वेबसाइट झटक्यात उघडतेय, तर सगळं ठीक आहे. मोजलेल्या भाड्याचं चीज होतंय. उलट, सीपीयू १० टक्क्यांवर निवांत आहे आणि ग्राहक अर्धा मिनिट कोऱ्या पानाकडे बघत बसलाय, तर सर्व्हर आजारी आहे, आकडा काहीही म्हणो.

म्हणून सर्व्हरवर नजर ठेवताना एक प्रश्न सतत हाताशी धरावा: या क्षणी कोणाचं काम खोळंबलंय आणि कशापायी? व्यस्तता मोजणं सोपं असतं, म्हणून सगळी साधनं ती ठळक दाखवतात. खोळंबा शोधावा लागतो. तो कुठे शोधायचा, ते एका साध्या लिनक्स सर्व्हरवर बघू. महिन्याच्या भाड्याने घेतलेली आभासी मशीन, चार कोअर (सीपीयूचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ८ जीबी मेमरी, ४० जीबी डिस्क, वर एक वेबसाइट आणि तिचा मायएसक्यूएल डेटाबेस. शाळा, पतसंस्था, प्रकाशनसंस्था, छोटे व्यापारी यांच्यापैकी अनेकांचा संसार अशाच एका मशीनवर चालतो.

लोड ॲव्हरेज नावाचे तीन आकडे

सर्व्हरवर लॉगिन करून 'अपटाइम' ही कमांड दिली की शेवटी तीन आकडे येतात. समजा ते ६.२०, ३.१०, १.४० असे आहेत. पहिला साधारण गेल्या एका मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा, तिसरा पंधरा मिनिटांचा. डावीकडचा सगळ्यात मोठा आहे, म्हणजे भार वाढत चाललाय. क्रम उलटा असता तर गर्दी ओसरतेय असं समजलो असतो.

पण ६.२० म्हणजे नक्की काय? पिठाच्या गिरणीत चार चक्क्या आहेत असं समजा. चक्क्या दिवसभर फिरताहेत यात वाईट काहीच नाही, त्या फिरण्यासाठीच आहेत. बघायचं ते दारात दळणाचे किती डबे रांगेत आहेत. लोड ॲव्हरेज म्हणजे चक्कीवर चढलेले आणि रांगेत थांबलेले असे मिळून सगळे डबे. चार कोअर असतील आणि लोड ४ असेल तर चारही कोअर कामात आहेत पण कोणी थांबलेलं नाही. ६.२० असेल तर सरासरी दोन कामं ताटकळत आहेत. तोच ६.२० सोळा कोअरच्या मशीनवर दिसला तर चिंतेचं कारण नाही. कोअर किती हे माहीत नसताना लोडचा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

लिनक्सवर याला एक पोटअट आहे आणि तिने भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकलंय. लिनक्सचा लोड फक्त सीपीयूच्या रांगेतले धरत नाही. डिस्कच्या किंवा तशाच एखाद्या गोष्टीच्या उत्तरासाठी अडून बसलेल्या, मध्ये उठवता न येणाऱ्या प्रक्रियाही (चालू असलेले प्रोग्राम) त्यात मोजल्या जातात. ही भर १९९३ साली मॅथियास उर्लिक्स यांनी पाठवलेल्या एका छोट्या पॅचने, म्हणजे कोडमधल्या बदलाने, पडली. डिस्क हळू असली की सीपीयूची रांग छोटी दिसते आणि मशीन रखडत असूनही लोड कमी येतो, हे त्यांना खटकलं होतं. पुढे हे कारण लोक विसरूनच गेले. २०१७ मध्ये ब्रेंडन ग्रेग या कामगिरी-विश्लेषणातल्या नामवंत अभियंत्याने जुना पत्रव्यवहार धुंडाळून ते पुन्हा उजेडात आणलं. त्यामुळे नेटवर्कवरून जोडलेला फाइल सर्व्हर बंद पडला की तुमच्या मशीनचा लोड ५० वर जातो आणि सीपीयू मात्र जवळजवळ रिकामा असतो. हे विसंगत वाटतं, पण आकडा बरोबरच सांगतोय: ५० जण अडकलेत.

शिवाय ही साधी सरासरीही नाही. जुनी माहिती हळूहळू विरत जाईल अशा पद्धतीने ती काढतात. पूर्ण रिकाम्या मशीनवर एकच काम सतत चालू केलं, तर एका मिनिटानंतर 'एका मिनिटाचा' लोड १ दिसत नाही, सुमारे ०.६२ दिसतो. म्हणून लोड हा कल दाखवतो एवढंच समजावं.

खोळंबा कुठे आहे, ते पुढची ओळ सांगते

'टॉप' ही कमांड दिली की सीपीयूच्या ओळीत बरेच तुकडे दिसतात. 'यूएस' म्हणजे तुमच्या प्रोग्रामांनी वापरलेला वेळ, 'एसवाय' म्हणजे कर्नलने, लिनक्सच्या गाभ्याने, वापरलेला, 'आयडी' म्हणजे रिकामा. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते 'डब्ल्यूए' आणि 'एसटी'.

'डब्ल्यूए' म्हणजे सीपीयू रिकामा होता, पण कोणीतरी डिस्कची वाट बघत होतं असा वेळ. तो २०-३० टक्के दिसत राहिला तर डिस्क नक्की तपासा. मात्र तो शून्य दिसला म्हणून डिस्क निर्दोष ठरत नाही. त्या वेळात दुसरं एखादं काम सीपीयूवर बसलं तर तो वेळ 'डब्ल्यूए'मध्ये धरलाच जात नाही, आणि डिस्कवर अडलेला बिचारा दिसेनासा होतो.

'एसटी' फक्त आभासी मशीनवर अर्थपूर्ण आहे. तुमच्या मशीनला सीपीयू हवा होता, पण खालच्या खऱ्या मशीनने तो त्या वेळी दुसऱ्या भाडेकरूला दिला, असा वेळ. हा आकडा दिवसभर ८-१० टक्के राहत असेल तर तुमच्या प्रोग्रामात दोष शोधत रात्री जागवू नका. सेवा देणाऱ्याला आकडे दाखवा आणि मशीन दुसरीकडे हलवून मागा, नाहीतर स्वतः हलवा.

हे सगळे आडून कळणारे पुरावे झाले. खोळंबा थेट मोजण्याची सोय लिनक्समध्ये २०१८ च्या अखेरीस, ४.२० या आवृत्तीत आली. फेसबुकमधले कर्नल अभियंते जोहान्स वायनर यांचं हे काम. नाव 'प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन', व्यवहारात पीएसआय. 'प्रॉक'खालच्या 'प्रेशर' या फोल्डरमध्ये सीपीयू, मेमरी आणि आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) अशा तीन फाइली असतात. मेमरीची फाइल उघडली की 'सम' आणि 'फुल' अशा दोन ओळी दिसतात आणि प्रत्येकीत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांचे टक्के. 'सम'च्या ओळीत १० सेकंदांपुढे १५ लिहिलं असेल, तर त्या काळातल्या १५ टक्के वेळात निदान एक काम मेमरीपायी थांबून होतं. 'फुल' म्हणजे त्या वेळी जागी असलेली सगळीच कामं एकदम थांबलेली. मेमरीच्या फाइलीत 'फुल'चा आकडा सतत वर राहू लागला की पाणी डोक्यावरून जायला लागलंय. माझ्या मते आज एखाद्याला सर्व्हर बघायला शिकवायचं असेल तर सीपीयूच्या टक्क्यांआधी या तीन फाइली दाखवाव्यात. काही लिनक्स वितरणांत ही सोय बूट करताना मुद्दाम चालू करावी लागते, तेवढी काळजी घ्यावी.

'मेमरी संपली!' अशी खोटी हाक

आपल्या ८ जीबीच्या मशीनवर 'फ्री' ही कमांड दिली. एकूण ७.८, वापरात २.९, मोकळी ०.२, बफर आणि कॅशे ४.७, उपलब्ध ४.६. नवख्या माणसाची नजर मोकळ्या ०.२ वर खिळते आणि तो जास्त मेमरीची मागणी करतो. काहीच गरज नाही. रिकामी पडून राहिलेली मेमरी वाया जाते, म्हणून लिनक्स तिच्यात अलीकडे वाचलेल्या फाइली ठेवतो. कोणाला जागा लागली की त्यातलं बरंचसं तत्काळ सोडून देतो. बघायचा तो शेवटचा 'उपलब्ध' हा रकाना. तो अंदाज कर्नल स्वतःच करून देतो, २०१४ च्या ३.१४ या आवृत्तीपासून. त्याआधी लोक मोकळी अधिक कॅशे अशी बेरीज करत, आणि ती चुकत असे, कारण कॅशेमधलं सगळंच सोडता येत नाही.

स्वॅपचं, म्हणजे मेमरी अपुरी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेचंही तसंच. स्वॅपमध्ये ५०० एमबी पडलेत एवढ्याने काही बिघडत नाही. कधीकाळी न लागलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) तिथे टाकली गेली असतील. 'व्हीएमस्टॅट' दर सेकंदाला चालवा आणि 'एसआय', 'एसओ' हे दोन रकाने बघा. त्यात आकडे सतत हलत असतील तर मशीन मेमरीतून डिस्कवर आणि डिस्कवरून मेमरीत पानांची ने-आण करतंय. तो खरा त्रास.

त्याच्याही पुढे गेलं की कर्नल एखादी प्रक्रिया ठार करून जागा करतो. कोणाला मारायचं ते ठरवताना मेमरीचा वापर सगळ्यात जास्त वजनाचा धरतो, त्यामुळे आपल्यासारख्या मशीनवर बळी बहुतेकदा मायएसक्यूएलचा जातो. वेबसाइटवर दिसतं 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' आणि माणूस डेटाबेसच्या सेटिंगमध्ये हात घालतो. आधी कर्नलच्या नोंदीत 'आउट ऑफ मेमरी' हे शब्द शोधा. सापडले तर मायएसक्यूएल निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. दुसऱ्याच कोणीतरी मेमरी खाल्लेली असते, बरेचदा वेब सर्व्हरने, म्हणजे वेबसाइटची पानं पुरवणाऱ्या प्रोग्रामाने, गर्दीत वाढवलेल्या प्रक्रियांनी.

डिस्क भरली, पण भरली कशाने?

छोटे सर्व्हर बंद पडण्याचं सगळ्यात क्षुल्लक आणि तरीही नेहमीचं कारण म्हणजे भरलेली डिस्क. डेटाबेसला लिहायला जागा नाही, लॉगिनची नोंद ठेवायला जागा नाही, सगळं ठप्प. इथे एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे.

डिस्कची जागा दाखवणारी 'डीएफ' ही कमांड सांगते, ४० जीबीपैकी १०० टक्के भरली. मग 'डीयू'ने फोल्डरवार बेरीज केली तर भरते जेमतेम २२ जीबी. उरलेले १६-१८ जीबी गेले कुठे? घडतं असं: जागा कमी पडतेय म्हणून कोणीतरी एक अगडबंब लॉग फाइल (घडामोडींच्या नोंदींची फाइल) पुसली. नाव गेलं, पण वेब सर्व्हरने ती फाइल अजून उघडीच धरलीय आणि तिच्यातच लिहितोय. लिनक्स फाइलीची जागा शेवटचा धरणारा सोडेपर्यंत मोकळी करत नाही. उघड्या फाइली दाखवणाऱ्या 'एलएसओएफ' या कमांडमध्ये अशा फाइलींपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं येतं. ती धरून बसलेली सेवा रीस्टार्ट केली की १६-१८ जीबी क्षणात परत मिळतात. पुढे हे टाळायचं तर जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं लॉगरोटेट नीट लावा, आणि चालू लॉग फाइल कधी पुसू नका, रिकामी करा.

याचा उलटा प्रकारही होतो. जागा भरपूर, तरी नवी फाइल तयार होत नाही. तेव्हा 'डीएफ'ला 'आय' हा पर्याय जोडून आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीचे खण, बघा. डिस्कवर फाइली मांडण्याच्या ईएक्सटी४ या प्रकारात प्रत्येक फाइलीला एक आयनोड लागतो आणि त्यांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरलेली असते. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेने प्रत्येक भेटीसाठी ठेवलेल्या, सेशनच्या लाखो चिमुकल्या फाइली साठल्या की आयनोड संपतात, जागा तशीच शिल्लक राहते. याच ईएक्सटी४मध्ये सहसा ५ टक्के जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखीव असते, म्हणून सामान्य प्रक्रियांना डिस्क थोडी आधीच भरलेली वाटते.

'९० टक्के भरली की कळवा' हा नियम सगळीकडे असतो आणि तो फारसा उपयोगी नाही. १०० एमबी रोज वाढत असेल आणि १० जीबी शिल्लक असेल तर शंभर दिवस हातात आहेत, निवांत झोपा. तेच ५०० एमबी दर तासाला वाढत असेल तर वीस तासांत खेळ खलास. टक्क्यांपेक्षा 'या वेगाने किती तासांत भरेल' हा प्रश्न शहाणपणाचा. प्रोमिथियस या आकडे गोळा करणाऱ्या साधनात गेल्या काही तासांच्या उतारावरून पुढचा अंदाज बांधणारं फंक्शनच आहे. ते वापरून 'चार दिवसांच्या आत भरणार असेल तर सांग' असा अलर्ट लावता येतो, आणि तो कामाच्या वेळेत हातात पडतो.

डिस्कचा वेग तपासायला 'आयओस्टॅट' आहे. त्यातला 'युटिल'चा टक्का एकच काम एका वेळी करणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कसाठी ठीक होता. एनव्हीएमई ही नवी, न फिरणारी डिस्क अनेक कामं समांतर करते, त्यामुळे १०० टक्के 'युटिल' दाखवूनही ती आणखी बराच भार घेऊ शकते. बघायचा रकाना 'अवेट', म्हणजे एका मागणीला उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरीच ८.३ मिलिसेकंदांची असते, तिथे १०-१५ स्वाभाविक. एनव्हीएमईवर तो आकडा १ च्या खाली असायला हवा, आणि तिथे २० दिसले तर काहीतरी अडलंय.

सर्व्हर तुमच्याच कपाटात असेल तर डिस्कची शारीरिक तब्येतही बघावी लागते. 'स्मार्ट' नावाची स्वतःची नोंदवही प्रत्येक डिस्क ठेवते. पण तिच्यावर विसंबू नये. गूगलच्या एडुआर्डो पिन्हेइरो, वोल्फ-डिट्रिच वेबर आणि लुइझ बारोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ मध्ये मांडला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक नोंदवल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढते, असं त्यांना दिसलं. पण त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी चार ठळक खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे खूण दिसली तर लगेच बदला, आणि खूण दिसत नाही म्हणून बॅकअप टाळू नका.

सरासरी समाधान देते, खोळंबा लपवते

आता ग्राहकाच्या बाजूने बघू. शंभर विनंत्या आल्या. ९८ जणांना ०.१ सेकंदात उत्तर मिळालं, दोघांना १० सेकंदांनी. सरासरी येते ०.३ सेकंद. अहवालात हिरवा रंग. पण त्या दोघांचं काय? आणि ते दोघे बरेचदा जुने, भरपूर व्यवहार असलेले ग्राहक असतात, कारण त्यांचाच डेटा जास्त, म्हणून त्यांचीच क्वेरी (डेटाबेसकडे केलेली विचारणा) लांबते. शिवाय आजकालचं एक पान उघडायला ५० विनंत्या सहज लागतात. प्रत्येक विनंती रखडण्याची शक्यता २ टक्के आणि एकमेकींपासून स्वतंत्र धरली, तरी पन्नासांपैकी निदान एक रखडण्याची शक्यता जाते ६४ टक्क्यांवर. सरासरीत न दिसणारा त्रास असा निम्म्याहून जास्त लोकांच्या वाट्याला येतो. म्हणून उत्तराचा वेळ पर्सेंटाइलमध्ये बघायचा: निम्म्या लोकांना किती लागला, शंभरातल्या ९५ ना किती, ९९ ना किती. ९९ वा पर्सेंटाइल इथे १० सेकंद येतो आणि सगळं उघडं पडतं.

गर्दी वाढली की सर्व्हर हळूहळू मंदावत नाही, एकाएकी कोसळल्यासारखा वाटतो. याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या कॉलवर पहिला शोधनिबंध लिहिला आणि त्यातून रांगांचं शास्त्र उभं राहिलं. कामं केव्हाही, कशीही येत असतील आणि करणारा एकच असेल, तर सगळ्यात साध्या गणितानुसार तो ५० टक्के व्यस्त असताना एकूण वेळ मूळ कामाच्या दुप्पट होतो, ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट, ९५ वर वीसपट. शेवटच्या पाच टक्क्यांत वेळ दुप्पट! अनेक कोअर असले तर हा कडा थोडा पुढे सरकतो, पण कडा असतोच. रात्रीचे अहवाल ९५ टक्क्यांवर चालू द्यायला हरकत नाही, कारण त्यांच्यासाठी कोणी ताटकळत नसतं. माणसं समोर बसलेली असताना मात्र मोकळीक ठेवावीच लागते.

आपल्याकडे याचा दरवर्षीचा अनुभव म्हणजे दहावीचा निकाल. अलीकडची काही वर्षं तो दुपारी १ वाजता ऑनलाइन खुला होतो आणि परीक्षेला बसलेली मुलं पंधरा लाखांहून जास्त असतात. त्यातल्या निम्म्यांनीच पहिल्या दहा मिनिटांत एकेकदा पान उघडलं तरी सेकंदाला १,२५० विनंत्या होतात. प्रत्यक्षात आई, मामा, शेजारी सगळेच बघतात, आणि पान अडकलं की प्रत्येक जण पुन्हा पुन्हा रीफ्रेश करतो. खोळंबा आणखी खोळंबा जन्माला घालतो. अशा सर्व्हरसाठी रोजच्या सरासरीवर बेतलेली मर्यादा कुचकामी. उलट त्या दिवशी १ वाजून ५ मिनिटांनी विनंत्या अचानक कमी झाल्या तर ती शांतता नाही, दारच बंद झालंय. गर्दी असायला हवी त्या वेळी ती नसणं हाही अलर्टचा विषय आहे. छोट्या दुकानाच्या वेबसाइटलाही हे लागू आहे, दिवाळीच्या आठवड्यात दुपारी तासभर एकही ऑर्डर नाही म्हणजे काय समजायचं?

अशा दिवसाचा ग्राफ वर्षभराने काढून बघितलात तर शिखर बुटकं झालेलं दिसेल. टोबी ओटिकर यांच्या आरआरडीटूल या आकडे साठवून ग्राफ काढणाऱ्या साधनापासून चालत आलेली पद्धत अशी की जुनी माहिती जागा वाचवण्यासाठी तास किंवा दिवसाच्या सरासरीत गुंडाळली जाते. वीस सेकंदांचा १०० टक्क्यांचा झटका पाच मिनिटांच्या सरासरीत ७ टक्केसुद्धा भरत नाही. पुढच्या वर्षाची तयारी करायची असेल तर सरासरीबरोबर कमाल आकडाही साठवायला सांगा.

पहारेकरी घराबाहेरही हवा

आतून सगळं हिरवं आणि बाहेरून वेबसाइट बंद, असं होऊ शकतं. डोमेनचं नूतनीकरण राहिलं, फायरवॉलचा नियम बदलला, वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली, यातलं काहीही सीपीयूला कळत नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनच्या ओटू या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरचे ३ कोटींहून जास्त ग्राहक दिवसभर डेटाविना राहिले. कारण निघालं उपकरणं पुरवणाऱ्या एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं मुदत संपलेलं प्रमाणपत्र. अशी प्रमाणपत्रं मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याआधी येणारे आठवणीचे ईमेल जून २०२५ पासून बंद केलेत. त्या मेलवर विसंबून असाल तर दुसरी सोय आजच करा. वेबसाइटच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदतही टप्प्याटप्प्याने उतरत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे.

बाहेरून तपासणारी सेवा वेगळ्याच कंपनीच्या यंत्रणेवर असावी. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस३ ही साठवणसेवा अमेरिकेच्या पूर्व भागात कोसळली, तेव्हा ॲमेझॉनला स्वतःच्याच स्थितिदर्शक पानावर ते सुमारे दोन तास दाखवता येत नव्हतं, कारण ते पान बदलण्याची यंत्रणा एस३वरच अवलंबून होती. शिवाय तपासणी फक्त 'पान आलं का' एवढी नको. चूक झाली असतानाही '२००, ठीक' असा कोड पाठवणाऱ्या वेबसाइटी कमी नाहीत. पानावर ठरावीक शब्द आहेत का ते बघायला सांगा, आणि ते शब्द डेटाबेसमधून येणारे निवडा. तपासणी दर मिनिटाला हवी. ९९.९ टक्के उपलब्धतेचं वचन म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटांची सूट, दर पाच मिनिटांनी डोकावून तिचा हिशोब कसा लागणार?

सगळ्यात घातक असतो तो पहारेकऱ्याचाच मुकेपणा. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या सेवेच्या एका अभियंत्याकडून चुकीच्या मशीनवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. आणि दररोज अपयशाचा ईमेल सुटत होता, पण तो स्वाक्षरीच्या नियमांत न बसल्यामुळे समोरून नाकारला जात होता. कोणाला काहीच कळलं नाही. योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीने वाचवलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला. गिटलॅबने हे सगळं तपशीलवार जाहीर केलं, त्याबद्दल मला त्या लोकांविषयी फार आदर वाटतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. 'बिघडलं तर कळव' ही पद्धत उलटी करायची. बॅकअप पूर्ण झाला की त्याने बाहेरच्या एका पत्त्यावर हजेरी लावायची, आणि ठरलेल्या वेळेत हजेरी लागली नाही तर बाहेरच्या सेवेने तुम्हाला उठवायचं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधलं काम मेलं, मशीन मेली, ईमेल अडला, काहीही झालं तरी हजेरी चुकते आणि बोभाटा होतो. हजेरी लावताना बॅकअपच्या फाइलीचा आकारही तपासा. शून्य बाइटचा बॅकअपसुद्धा वेळेवर पूर्ण होतो.

घड्याळही सांभाळा. दोन मशीनची घड्याळं चार मिनिटांनी वेगळी असतील तर कोणती गोष्ट आधी घडली हे नोंदींवरून कळणार नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली ठेवणं आणि नोंदी १८० दिवस जपणं बंधनकारकच आहे.

कोणाला, कधी उठवायचं

अलर्ट लावणं सोपं, म्हणून लोक पन्नास लावतात. आठवड्याभरात फोन वाजला तरी कोणी बघत नाही, आणि एक्कावन्नावा खरा असतो. माझा नियम कडक आहे: रात्री फोन वाजवणारा अलर्ट वाचून माणसाला तत्काळ करण्यासारखं काही असलंच पाहिजे, नाहीतर तो अलर्ट रात्रीचा नाही. सीपीयू ९० टक्के हा रात्रीचा अलर्ट नाही. '९९ व्या पर्सेंटाइलला पाच मिनिटं सलग ३ सेकंदांहून जास्त लागताहेत' हा आहे. 'सलग' हा शब्द मोलाचा, क्षणिक झटक्याने कोणाची झोप मोडू नये. डिस्क चार दिवसांत भरेल, प्रमाणपत्र पंधरा दिवसांत संपेल, हे सकाळी दहाला चहाबरोबर आलं तरी चालतं.

आपल्या चार कोअरच्या मशीनसाठी मोठी यंत्रणा उभी करायची गरज नाही. बाहेरून दर मिनिटाची तपासणी, बॅकअपची हजेरी, प्रमाणपत्राची मुदत, डिस्क भरण्याचा अंदाज, उपलब्ध मेमरी आणि पीएसआय एवढ्यावर सुरुवात करा. आकडे गोळा करायला नेटडेटा किंवा प्रोमिथियस, मशीन बऱ्याच असतील आणि एका छताखाली सगळं हवं असेल तर झॅबिक्स. ग्राफ बघायला ग्राफाना. साधनाच्या निवडीवर महिना घालवू नका, यातलं कोणतंही चालेल.

मग एखाद्या शांत रविवारी, घरच्यांना आणि ग्राहकांना सांगून, वेब सर्व्हर मुद्दाम बंद करा. फोन किती मिनिटांनी वाजतो ते बघा. तो सायलेंटवर असताना वाजतो का, पहिल्याने उचलला नाही तर दहा मिनिटांनी दुसऱ्याकडे जातो का, आणि तो दुसरा माणूस अजून तुमच्याकडे कामाला आहे का, हेही बघा. सेवा परत चालू केल्यावर 'सुरळीत झालं' असा निरोप आला नाही, तर तोही दुरुस्त करूनच उठा.